दोघांची राहुटी

आम्हा नवरा-बायकोला भांडायचं असलं की स्कूटर काढून पेट्रोल पंपावर जावं लागतं. घरात सोय नाही. कोहिनूर गावातलं आमचं घर तसं ऐसपैस आहे, स्लॅबचं आहे, प्रत्येक खोलीच्या दाराला कडीही आहे. फक्त ती आतून लावायची पद्धत नाही. दिवसाउजेडी दार नुसतं लोटलं तरी बाहेरून आत्यांचा आवाज येतो, बरं वाटंना का गं? आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. धडधाकट माणूस दार कशाला लावून घेईल, हे त्यांना खरोखरच कळत नाही.

घरात थोरले दीर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शेती ते बघतात. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, तिला मी अक्का म्हणते. आमचे हे बसवकल्याणच्या बसडेपोत कामाला आहेत आणि मी शेजारच्या गावातल्या मराठी शाळेत शिकवते. पोरं शिकून नोकरीला लागली, एक पुण्याला, एक हैदराबादला. पोरं उडाली तरी घर काही मोकळं झालं नाही. भावकी, पाव्हणे, अण्णांकडे बियाण्याची चौकशी करायला येणारे शेजारी, सगळ्यांना चहा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघंच कुठं गेलो असं एकदाही घडलेलं नाही. लग्न झाल्या झाल्या देवाला गेलो ते टेम्पोतून, अख्ख्या घरासकट. नंतरही देवालाच गेलो, टेम्पोतूनच, आणि प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर.

मला या घरात घुसमटायला होतं. हे मी कुणापाशी बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही नाही. इथं कुणी मारत नाही, टाकून बोलत नाही, माझा पगार कुणी मागत नाही. जीव गुदमरायला लागला आणि भोवतीची माणसं चांगली असली, तर तक्रार कुणाची करायची?

गेल्या वर्षी शाळेत मोकळ्या तासाला मोबाईल चाळताना ते रिसॉर्ट दिसलं. जैसलमेरच्याही पलीकडं, वाळवंटात. पक्क्या खोल्या नाहीत, राहुट्या. आत पलंग, मागच्या बाजूला न्हाणीघर, पुढं मातीच्या बुटक्या भिंतीनं घेरलेलं एवढंसं अंगण, अंगणात दोन खुर्च्या, आणि समोर दोन लालसर टेकड्या. मला हसू आलं. माझ्या आजेसासऱ्यांनी जन्म मेंढरांमागं राहुटीत काढला. राहुटी सोडून पक्क्या घरात आलो, याचा या घराला अजून अभिमान आहे. आणि त्याच घराची सून हौसेनं राहुटी शोधत होती.

त्या टेकड्यांबद्दल तिथं पुष्कळ लिहिलं होतं. आसपासच्या गावांनी त्या देव मानल्या आहेत. देऊळ नाही, मूर्ती नाही, टेकडीच देव. वर कुणी चढत नाही. पायथ्याला पाण्याचं कुंड आहे आणि भोवती देवाच्या नावानं राखलेलं रान, तिकडं त्याला ओरण म्हणतात. त्या रानातली वाळलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. येणाऱ्या पाहुण्यांनी लांब बसून बघायचं, गडबड करायची नाही. गडबड करायची नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. असं सांगणारी जागा मला जन्मात भेटली नव्हती.

मग मला तो नादच लागला. वर्गात पोरं गणितं सोडवायला लागली की मी खिडकीशी उभी राहून ठरवायची. दसऱ्याची सुट्टी लागली की दसरा घरी करायचा आणि मग निघायचं. हैदराबादहून रेल्वे. कोणती साडी नेसायची, पहाटे वाळू गार असेल तर पायात काय घालायचं, सकाळी चहा आपणच करून प्यायचा की कुणी आणून देईल. यांना सांगितलं ते पंपावरच, भांडणाचं निमित्त काढून. यांनी आधी स्कूटरचा आरसा पुसला. मग म्हणाले, दोघंच? मी म्हटलं, दोघंच. त्यांनी हवा भरायच्या नळीकडं बघत मान हलवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या वयात नवऱ्याला लाजताना बघून मला इतका आनंद झाला की राहुटी मी तिथंच उभ्या उभ्या बुक करून टाकली.

आता घरी सांगायचं होतं, आणि सांगायचं काम यांचं. मी यांना पढवून ठेवलं होतं. एकच वाक्य: आम्ही दोघं सुट्टीत फिरायला जायलाव. मागे-पुढे काही जोडायचं नाही. डेपोत चालक-वाहकांना दिवसभर मोठ्या आवाजात हुकूम सोडणारा माणूस हा, त्याला एवढं जड जाऊ नये असं माझं आपलं मत.

संध्याकाळच्या जेवणाला अण्णा आणि हे पाटावर, आत्या भिंतीला टेकून, अक्का चुलीपाशी, मी वाढायला. यांनी घास घेतला, चावला, पाणी प्यायले, खाकरले. मग म्हणाले, "आई, सुट्टीत राजस्थानात देवाला जाऊन यावं म्हणायलाव."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं.

आत्या सावरून बसल्या. कोणता देव, त्यांनी विचारलं. हे माझ्याकडं बघायला लागले. टेकडी, मी तुटकपणे म्हटलं. खडकाचा देव आहे. आत्यांचा चेहरा उजळला. आमचा बिरप्पा तरी काय आहे? माळावरचा लाल दगडच, न घडवलेला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. म्हणजे हा आपल्यातलाच निघाला, असं त्यांना वाटलं. त्या एकेक विचारू लागल्या. भंडारा उधळतात का? बकरं चालतं का? पुजारी कोण? मी जे वाचलं होतं तेच सांगत गेले, दुसरं काय सांगणार? वर चढत नाहीत, झाड तोडत नाहीत, काटकी उचलत नाहीत. जसजसं सांगत गेले तसतसा देव आत्यांच्या नजरेत मोठा होत गेला. कडक देव दिसायलाय, त्या अण्णांना म्हणाल्या. आणि जेवण अर्धं ठेवून उठल्या, देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा पिवळ्या फडक्यात बांधला आणि ती पुरचुंडी यांच्या हातात दिली.

आमच्या घरी भंडारा बांधला की वाट बांधली जाते. बांधलेला भंडारा देवापाशी पोचलाच पाहिजे, आणि ज्यानं देवाचं नाव काढलं त्यानंच तो न्यायचा. दुसरं असं, की देवाच्या वाटेवर येतो म्हणणाऱ्याला नको म्हणता येत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणाल, मग तिथल्या तिथं तूच का खरं सांगितलं नाहीस? नवऱ्यानं देव म्हटल्यावर बायकोनं भर जेवणात, देव नव्हे, मौज म्हणायचं? आईच्या आणि भावाच्या देखत त्याला खोटं पाडायचं? माझी जीभ तिखट आहे, पण तेवढी नाही. मी मूग गिळून भात वाढला.

सकाळी आत्यांनी जाहीर केलं की त्याही येणार. आत्या निघाल्या म्हणजे थोरल्या मुलानं सोबत जायला हवं, म्हणून अण्णा आले. कडगंचीला दिलेल्या नणंदेला कुणी कळवलं देव जाणे, पण दुपारी तिचा फोन आला की तीही येणार आणि वाटेसाठी दशम्या तीच करून आणणार. आमच्या दोघांच्या राहुटीत दोन दिवसांत पाच माणसं झाली.

पंपावर गेलो. पेट्रोलची टाकी भरलेली होती, तरी गेलो.

"देवाला कामून म्हणलाव?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? बायकूला फिरवायला न्यायलोय म्हणू आईला?"

"व्हय. तेच म्हणायचं हुतं."

यांनी किल्ली काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "माझ्या तोंडून निघतच न्हाई ते."

यावर काय भांडणार? हा माणूस खोटारडा नाही. याला मी नको आहे असंही नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा रात्ररात्र उशाशी बसलेला माणूस आहे. पण बायको आपल्याला हवी आहे, तिच्याबरोबर चार दिवस बसावंसं वाटतं, एवढं आईच्या समोर बोलायचं म्हटलं की याची वाचा जाते. मला राजस्थान नंतर हवं होतं. आधी ते वाक्य हवं होतं. एकदा, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. ते त्यांनी देवावर ढकललं होतं आणि मला त्याचाच संताप होता. एवढ्यात ओळखीचा एकजण रिक्षात गॅस भरायला आला आणि आम्हाला भांडणही अर्धंच ठेवावं लागलं.

नंतरचे दिवस मी रिसॉर्टला फोन करण्यात घालवले. तिथला माणूस गोड हिंदीत बोलायचा. मी विचारायची, अजून राहुट्या मिळतील का? मिळतील. म्हातारं माणूस आहे, न्हाणीघर उंचावर नाही ना? नाही. अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक केला तर चालेल का? यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, मॅडम, आपण हनिमून पॅकेजमध्ये आहात ना? मी फोन ठेवला आणि शाळेच्या मुतारीच्या भिंतीआड उभी राहून आधी हसले आणि मग रडले. शाळेची घंटा झाली म्हणून डोळे पुसले.

तरीसुद्धा मी आशा सोडली नव्हती. राहुट्या तीन घेतल्या होत्या. आत्या आणि वन्सं एकीत, अण्णा एकटे एकीत, आम्ही दोघं एकीत. दिवसभर काय व्हायचा तो गोंधळ होऊ दे, अंगणात दोन खुर्च्या तर असतील. माणूस अडकला की किती थोडक्यात समाधान मानायला शिकतो, ते मी माझ्यावरूनच सांगते.

आता दिव्याचं सांगायला हवं. पूर्वी घरचे पुरुष मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर राहायचे, तेव्हा वाटेवरच्या माणसांसाठी घरी देवापाशी दिवा जळत ठेवायचे. मेंढरं गेली, दिवा राहिला. घर देवाला निघालं की घरची एक सून मागं राहते. सगळे परत येईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही, गावची शीव ओलांडायची नाही. लेकीनं बसून चालत नाही, शेजारणीनं चालत नाही, सूनच लागते. याला आमच्यात दिव्याला बसणं म्हणतात, आणि दिव्याला नेहमी अक्का बसत आल्या. मी नोकरीवाली, मला सुट्टी तेवढीच, म्हणून आत्यांनी कधीतरी तसं ठरवून टाकलं होतं. टेम्पो भरून आम्ही निघायचो आणि अक्का दारात उभ्या राहून हात हलवायच्या. या वेळीही दिव्याला कोण, असं कुणी विचारलंच नाही.

दसरा दोन दिवसांवर आला असेल. अक्का भाकरी थापत होत्या. आत्या लसूण सोलत होत्या, मी डाळ निवडत होते. वळून न बघता, थापता थापता, अक्का म्हणाल्या, "औंदा मला बी येऊ वाटायलंय."

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. आत्यांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. त्यांना बोलायची गरजच नव्हती. येतो म्हणणाऱ्याला नको म्हणता येत नाही. एक सून घरी लागते. या घराला सुना दोन. हा हिशेब वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही आला असता.

मला अक्कांचा राग आला. हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं एकदाही तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते नेमकं या वेळी? इतर सगळ्या देवांच्या वेळी या कुठं होत्या? डाळीतले खडे मी डाळीतच टाकत होते आणि चांगली डाळ सुपाबाहेर. आत्या उठताना एवढंच म्हणाल्या की तुमचं तुम्ही दोघी ठरवा.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडापाशी मी अक्कांना गाठलं. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, अक्का, आता मेंढरांमागं कुणी नाही. वाटेवरच्या माणसाची खुशाली फोनवर कळते. या वेळी दिवा राहू द्या. आपण दोघी जाऊ. आत्यांना मी समजावते, त्या ऐकतील. आणि मला खरंच वाटत होतं की मी दोघींची सुटका करतेय.

अक्का अण्णांचं धोतर पिळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मंग मी इतकी वर्सं कशापाशी बसले?" त्यांनी विचारलं.

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. शिकलेली आहे, सांगेल, अशा नजरेनं त्या माझ्याकडं बघत होत्या. मी साबणाची वडी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग त्याच पुन्हा बोलू लागल्या. म्हणाल्या, तुम्ही लोक परत येऊन सांगता ना, तेवढं ऐकून ऐकून मला सगळे देव पाठ झालेत. कुठल्या देवळाला किती पायऱ्या, कुठं पाणी गार, कुठं चप्पल चोरीला गेली. बघितलेला मात्र एक नाही. दिव्याला बसणारीलाही दर्शनाइतकंच मिळतं असं आत्या सांगतात, आणि मी ते मानते. पण डोळ्यांनीही बघू वाटतं ना, बाई.

धोतराचं दुसरं टोक मी धरलं. दोघींनी मिळून पिळलं. आणि मी म्हटलं, "तुम्ही जावा. मी बसते."

हे मी मोठ्या मनानं म्हटलं असं कुणी समजू नये. दात-ओठ खात म्हटलं. दुसरी वाट असती तर मी तीच धरली असती. पण दिवा विझवून मी रेल्वेत बसले असते, तर अक्कांची सगळी वर्षं मी पायाखाली घालून गेले असते, आणि तसल्या वाळवंटात मला झोप लागली नसती. बादली उचलताना अक्कांनी माझ्या दंडाला ओल्या हातानं धरलं, तेवढंच.

हे म्हणाले, तू नाहीस तर मी पण जात नाही. पंपावरच म्हणाले. मी विचारलं, भंडारा कोण नेणार? देवाचं नाव कुणी काढलं होतं? अण्णांना उसाचं एकेक कांडं ओळखू येतं, पण मोबाईलवरचं तिकीट दाखवता येत नाही, ते कोण दाखवणार? हे खाली मान घालून उभे राहिले. देव त्यांच्याही गळ्यात पडला होता. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

निघायच्या दिवशी सकाळीच गाडी दारात आली. अक्का जरीकाठाची साडी नेसल्या होत्या, लग्नाकार्यात काढायची ती. गाडीत कुणीकडं बसायचं ते त्यांना कळेना. एकदा आत बसल्या, पुन्हा उतरून माझ्याकडं आल्या आणि विचारलं, तिथं गेल्यावर काय काय बघायचं गं? मी सांगितलं. सगळं सांगितलं. संध्याकाळी राहुटीबाहेर बसा, टेकडीचा रंग पालटतो म्हणे. पहाटे लवकर उठा, तेव्हा वाळू गार असते. कुंडाकडं अनवाणी जायचं. मी इतके महिने खिडकीशी उभी राहून जमवलेलं एकेक त्यांच्या ओटीत टाकलं, आणि त्या शाळेतल्या पोरीसारख्या मान डोलावून पाठ करत होत्या. गाडी गेली. मी दारात उभी राहून हात हलवला.

तुम्हाला वाटेल, मिळाला की हिला एकांत, हवा होता तसा. मलाही क्षणभर वाटलं होतं. रिकाम्या घरात मी आतून कडी लावली आणि पलंगावर पाय पसरले. लगेच दार वाजलं. दिव्याला बसलेल्या सुनेकडं गल्लीतल्या बायका तेल घेऊन येतात, हे मी विसरलेच होते. एक गेली की दुसरी. प्रत्येकीला बसवायचं, हळद-कुंकू लावायचं, देव कुठला ते सांगायचं. मी प्रत्येकीला सांगत होते की खडकाचा देव आहे, फार कडक आहे. त्या गेल्या की दिव्याकडं बघायचं. न्हाणीत गेलं तरी कान तिकडं, वारा सुटला की धाव तिकडं. शाळेला सुट्टी, त्यामुळं तोही आडोसा नाही. गावच्या शिवेपर्यंत चालत जावं म्हटलं तर घरी दुसरं कुणी नाही. माणसांनी भरलेल्या घरात मला कोंडल्यासारखं व्हायचं, पण निदान चार माणसांवर राग काढता यायचा. आता राग काढायला एक ज्योत होती, आणि तिच्यावर फुंकर मारायची मला बंदी होती. अक्कांनी हे इतक्या वेळा कसं केलं असेल?

ते पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर यांचा फोन आला. वारा कानात भरत होता. कुठं आहात विचारलं तर म्हणाले टेकडीसमोर. आत्या राहुटीत पडल्यात, अण्णा आणि वन्सं उंट बघायला गेलेत, अक्का सकाळपासून टेकडीकडं तोंड करून बसल्यात, जेवायलाही उठल्या नाहीत.

"मी आईला सांगितलं," हे म्हणाले.

"काय सांगितलं?"

"देवाला न्हाई, तुला घिऊन फिरायला यायचं हुतं म्हणून. तसंच म्हणलो. सगळं."

"काय म्हणल्या?"

"म्हणली, मग तसं म्हणायचं न्हाई का तवाच. फिरायला जाताना कुणी दिव्याला बसवतंय व्हय?"

कुणी कानफटात मारल्यावर जसं होतं, तसं मला झालं. एवढंच होतं. एक वाक्य. भंडारा बांधला गेला नसता, कुणी येतो म्हटलं नसतं, दिवा लागला नसता. आत्या जेवणाच्या वेळीही असंच म्हणाल्या असत्या का, ते मला अजून ठरवता येत नाही. गार वाऱ्यात, परक्या मुलखात, तरण्या जोडप्यांना चहा पिताना बघितलेल्या आत्या वेगळ्या, आणि घरच्या भिंतीला टेकलेल्या आत्या वेगळ्या. पण ते कळायची वेळही आता निघून गेली होती. इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या तोंडून ते वाक्य निघालं होतं आणि मी ते ऐकायला तिथं नव्हते. मी त्यांना फोनवर काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे ऐकत राहिले. मध्ये एकदा म्हणाले, पुढच्या सुट्टीत आपण दोघंच येऊ. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीचं मला सांगू नका.

तेवढ्यात त्यांच्या मागून अक्कांचा आवाज आला. इतका मोकळा आवाज की आधी मला ओळखूच आला नाही. "भाऊजी, देवाचं तोंड कुणीकडं हाय ते इचारा की त्या माणसाला. मला नीट पाया पडायचं हाय."

मी दिव्याची वात पुढं सारली.

"अक्कांना सांगितलंत का हे?" मी विचारलं.

"अजून न्हाई. आईला कळलंच हाय, आता त्यांच्यापासून कशाला लपवायचं? सांगून टाकतो."

"न्हाई सांगायचं," मी म्हटलं. "आत्यांना बी बजावून ठेवा. देवालाच गेलाव तुम्ही, आणि मी दिव्याला बसलेय."